पूर ओसरताना काठ ढासळतो: कृष्णा-वारणाकाठी दगड आणि झाडे का टिकत नाहीत, आणि कशी टिकतात

तक्रार एकच असते, फक्त गावाचे नाव बदलते. "पाणी चढत होतं तेव्हा काही झालं नाही. पाणी उतरलं आणि उसाच्या दोन सऱ्या नदीत गेल्या." कराडच्या खाली भिलवडी, सांगली, हरिपूर, पुढे नृसिंहवाडीपर्यंत, आणि तसेच वारणा-पंचगंगेच्या काठी, मळीची, म्हणजे नदीच्या गाळाची, जमीन असलेल्या जवळजवळ प्रत्येक शेतकऱ्याला हा अनुभव आहे. २००५ ला झाले, २०१९ ला झाले, २०२१ ला पुन्हा झाले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले होते, तिथली धोका पातळी ४५ फूट आहे. पण काठ तुटायला एवढा मोठा पूर लागतोच असे नाही. साध्या वर्षीही तो हातभर, दोन हात सरकतोच.

मग डबर टाकले जाते. बांबू, करंज लावले जातात. दोन पावसाळ्यांत दगड पाण्यात आणि झाडे उलटी, मुळे आकाशाकडे. लोक म्हणतात, नदीपुढे इलाज नाही. इलाज आहे. पण काठ नेमका कुठून आणि कधी मोडतो हे न बघता केलेला खर्च वाया जातो, म्हणून आधी तेवढे समजून घेऊ.

काठ उतरत्या पाण्यात का जातो

पूर आठवडाभर उभा राहिला की काठाची माती आतपर्यंत भिजते. भिजलेली माती घनमीटरला जवळजवळ दोन टन भरते. पाणी चढलेले असताना नदीच त्या काठाला समोरून रेटून उभे धरते. धरणाचा विसर्ग कमी झाला की नदी काही दिवसांतच दहा-पंधरा फूट उतरते, पण काठाच्या पोटातले पाणी तेवढ्या वेगाने बाहेर पडत नाही. समोरचा टेकू गेला, आतले वजन तसेच राहिले, आणि आतले पाणी बाहेर यायला धडपडते आहे. अशा वेळी अख्खी कड सरळ खाली बसते.

आपल्याकडे याचे एक छोटे रूप उन्हाळ्याच्या शेवटी दिसते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढले की फुगवट्याचे पाणी झटकन उतरते आणि बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला काठाला भेगा पडतात. पूर नसतानाही काठ तुटला तर बरगे कधी निघाले ते आधी विचारा.

मात्र हे सगळे मोडण्याचे शेवटचे कारण. काठ आधीच कमकुवत झालेला असतो, आणि तो बहुतेक वेळा पायथ्याशी झालेला असतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाला धार काठाला घासून जाते आणि तळ खोल करते. पायथ्याची दोन-तीन फूट माती गेली की वरची वीस फुटांची भिंत नुसती लटकत राहते. वर उभे राहून हे दिसत नाही.

तपासणी: उन्हाळ्यात, पाणी सर्वात कमी असताना

शेतीसाठी धरणातून पाळीपाळीने पाणी सुटते, त्या आवर्तनाच्या मधल्या दिवसांत, पाणी उतरलेले असताना नावेतून काठाच्या कडेने जा. सोबत फुटाफुटावर खुणा केलेला लांब बांबू घ्या. काठापासून तीन फुटांवर, दहा फुटांवर आणि वीस फुटांवर तळ किती खोल लागतो ते लिहा. काठालगतच सर्वात खोल लागले तर तुमचा आजार पायथ्याचा आहे. तिथे वर काहीही लावले तरी ते जाणार. काठालगत उथळ आणि मध्ये खोल असेल तर धार तुमच्यावर नाही, कारण दुसरीकडे शोधावे लागेल.

मग वर या आणि कडेपासून आत पाच-दहा फुटांवर जमीन निरखून बघा. काठाला समांतर, उन्हातल्या साध्या भेगांपेक्षा लांब आणि सरळ अशी भेग दिसली, आणि तिची नदीकडची बाजू बोटभर जरी खाली बसलेली असली, तर तो तुकडा सुटलेला आहे. पुढच्या पुरात तो जाईल. त्यावर ट्रॅक्टर नेऊ नका, गुरे बांधू नका. दोन्ही बाजूंना लोखंडी गज ठोकून मधले अंतर दर महिन्याला मोजा.

तिसरी गोष्ट शेताकडची, आणि माझ्या मते सर्वात दुर्लक्षित. काठाच्या तोंडावर, मधल्या उंचीला, ओल किंवा झिरपा दिसतो का? कडेच्या सरीपर्यंत पाटपाणी सोडले जात असेल तर काठ बारा महिने आतून ओला राहतो. शिरोळ-मिरज भागात क्षारपड जमिनीसाठी सच्छिद्र निचरा पाईप टाकले आहेत, त्यांतल्या काहींचे तोंड काठातून नुसते बाहेर काढून सोडलेले असते. ते पाणी वरून पडून खाली घळ पाडते आणि ती घळ दरवर्षी मागे सरकत शेतात शिरते. अशा ठिकाणी नदीचा दोष नसतो. पाईप पायथ्यापर्यंत खाली नेऊन दगडाच्या थारोळ्यावर सोडला, आणि शेताचे पाणी कडेपासून मागे वळवून एकाच ठिकाणी दगडी उतरणीवरून खाली घेतले, की प्रश्न तिथेच संपतो. मोटारीच्या फूटव्हॉल्व्हसाठी काठ चिरून केलेले चरही बघा. पुरात धार तिथे घुसते आणि चर रुंद होत जातो.

"डबर टाकले, तेही गेले"

दगड जाण्याची कारणे तीन, आणि तिन्ही टाळता येतात.

पहिले, दगड लहान. पाण्याचा वेग वाढतो तसे दगडाला लागणारे वजन वेगाच्या सहाव्या घाताने वाढते. सेकंदाला २ मीटर वेगाला साधारण सहा-सात किलोचा दगड जागेवर राहतो, ३ मीटरला मात्र ७०-८० किलोचा, म्हणजे सव्वा फुटाच्या आसपासचा दगड लागतो. वेग दीडपट, वजन अकरा पटीहून जास्त. हे झाले सपाट तळावरचे, उतारावर दगड त्याहून थोडा मोठा धरावा लागतो. ट्रॉलीत हाताने फेकता येणारे डबर घातले की खर्चही गेला आणि काठही. दगड कोणता, हेही बघा. खाणीतला काळा, घणाने ठोकल्यावर खणखणीत वाजणारा घ्या. मांजरखडक स्वस्त मिळतो, पण ऊन-पाण्यात काही वर्षांत त्याचा भुगा होतो. गोल गोट्यांपेक्षा कोपरे असलेला फोडीव दगड एकमेकांत अडकून बसतो.

दुसरे, दगडाखाली गाळणी नाही. मळीची माती इतकी बारीक की दगडांच्या फटींतून ती पाण्याबरोबर निघून जाते. वरून दगड जसेच्या तसे दिसतात, आत पोकळी होते, आणि एक दिवस सगळे बसते. म्हणून दगडाखाली न विणलेले जिओटेक्स्टाईल, म्हणजे पाणी सोडणारे पण माती अडवणारे कापड, किंवा वाळू आणि खडीचा वीतभर थर लागतोच. सिमेंटने दगडांमधल्या दरजा भरून पक्की केलेली भिंत याच्या उलट चूक करते. ती काठाच्या पोटातले पाणी कोंडते, आणि उतरत्या पुरात तेच पाणी तिला पाठीमागून ढकलून पाडते. पाणी बाहेर पडायला वाट ठेवणारी भिंत घरगुती कामात कुणी बांधलेली मी फार कमी पाहिली आहे.

तिसरे, आणि सर्वात मोठे: दगडाला पाया नाही. उतारावर दगडांचे अस्तर, म्हणजे पिचिंग, छान रचले, पण त्याचा शेवट जिथे तळाला टेकतो तिथेच नदी खोदते. तळ दोन फूट खाली गेला की सगळे पिचिंग घसरते. यावर उपाय जुना आहे. पायथ्याशी तळावरच दगडांचा जाड, आडवा पट्टा नदीच्या दिशेने पसरून ठेवायचा. त्याला एप्रन म्हणतात. नदी खोदू लागली की त्या पट्ट्याचे दगड आपोआप खड्ड्यात ओघळतात आणि तिथेच उतार झाकतात, वरचे पिचिंग हलत नाही. पट्ट्याची रुंदी, तळ अजून जितका खोल जाण्याची भीती आहे त्याच्या दीडपट धरतात. दोन मीटर खोदेल असे वाटत असेल तर तीन मीटर. निम्मे दगड या पट्ट्यात घालावे लागले तरी घाला, वरची उंची कमी करा.

वाईच्या ढोल्या गणपतीच्या मंदिराची नदीकडची मागची भिंत बघितली आहे का? १७६२ चे हे काम. भिंत माशासारखी निमुळती बांधली आहे, म्हणजे पुराची धार आदळत नाही, दुभंगून जाते. ज्यांनी ते बांधले त्यांनी पुराचे पाणी कुठून येते हे आधी पाहिले होते. आपण काठावर सरळसोट भिंत उभी करतो तेव्हा नेमके हेच बघत नाही.

"झाडे लावली, ती उभीच्या उभी नदीत गेली"

झाड कुठे लावले यावर सगळे आहे. निलगिरी, सुबाभूळ, नारळ कडेवर लावले की वाऱ्यात ते तरफेसारखे काठाला हलवतात, आणि पायथा सुटला की स्वतःच्या वजनाने काठाचा मोठा तुकडा घेऊन जातात. उंच झाड कडेपासून निदान पंधरा फूट आत हवे. तिथे करंज, जांभूळ, उंबर लावा. या झाडांची मुळे पूर सोसतात आणि ती नदीकाठावर जन्मलेलीच आहेत.

उतारावर मात्र लवचिक, आडवी पडणारी आणि पुन्हा उठणारी झुडपे हवीत. आपल्या नद्यांच्या वरच्या टप्प्यात, कोयना-वारणेच्या खडकाळ पात्रात शेरणी बघा. पूर अंगावरून जातो, ती दगडाला चिकटून राहते. खालच्या मातीच्या काठांना वाळुंज, म्हणजे आपली देशी विलो. तिची ताजी काठी ओल्या मातीत खोचली की मुळे धरते. निरगुडीही काडीने लागते, गुरे तिला तोंड लावत नाहीत, आणि कोरड्या वरच्या उतारावर ती चांगली तग धरते. बेशरमही काडीने लागते म्हणून काही जण तीच लावतात. कृपा करून लावू नका. ती पात्रात पसरते, गाळ अडवते आणि धार दुसऱ्या काठावर ढकलते.

काडी कशी लावायची, ते नीट सांगतो, कारण इथे निम्म्या काड्या मरतात. अंगठ्याएवढी जाड, अडीच-तीन फूट लांब, ताजी कापलेली वाळुंजाची काठी घ्या. खालचे टोक तिरपे, वरचे सपाट कापा, म्हणजे उलटी लागण्याची भीती नाही. लावेपर्यंत सावलीत, बुडखा पाण्यात बुडवून ठेवा. कापल्यावर एक-दोन दिवसांत लावा. काठी थेट हातोड्याने ठोकू नका, साल फाटते. आधी पहारीने भोक पाडा, काठी सरकवा, तीन भागांतले दोन भाग जमिनीत जायला हवेत, आणि मग भोवतीची माती टाचेने घट्ट दाबा. आत हवा राहिली की काठी सुकते. हाताने ओढून बघा, सहज हलली तर पुन्हा दाबा. काड्यांमध्ये दोन-अडीच फूट अंतर, ओळी एकाआड एक सरकवून. सर्वात खालची ओळ बंधाऱ्याच्या फुगवट्याच्या रेषेच्या हातभर वर असू द्या. त्याच्या खाली काडी कुजते, फार वर गेली तर उन्हाळ्यात वाळते.

दगडाच्या पट्ट्यातही याच काड्या घालाव्यात. दगड रचतानाच फटीतून काठी खालच्या मातीपर्यंत पोहोचवायची. मागाहून घालायला गेलात तर दगड हलतात आणि गाळणी फाटते. दोन-तीन वर्षांत मुळे दगडांच्या मधली माती बांधतात, वरच्या फांद्या काठालगतच्या पाण्याचा वेग मोडतात आणि तिथे गाळ बसू लागतो. पायथ्याची झीज दगड थांबवतो, उताराची माती मुळे धरतात. दोघांची जागा बदलली की दोन्ही हरतात.

वाळ्याबद्दल बरेच ऐकले असेल. १९८० च्या दशकात जागतिक बँकेने बांधबंदिस्तीसाठी त्याचा जोरात प्रसार केला, आणि गवत खरोखर गुणाचे आहे. मुळे दोन-तीन मीटर सरळ खाली जातात. पण एकेक ठोंब लांब लांब लावून उपयोग नाही. उताराला आडव्या ओळीत, वीतभरापेक्षा कमी अंतरावर लावा, ओळी दीड-दोन मीटर उंचीच्या फरकाने. सावलीत वाळा मरतो, म्हणून मोठ्या झाडाखाली लावू नका. आणि ज्या काठाचा पायथा सुटला आहे तिथे वाळ्याची मुळेही पुरत नाहीत, कारण माती मुळांच्या खालूनच जाते. ओळींच्या मधे हरळीचे तुकडे दाबा. कुणाला ते तण वाटेल, काठावर मात्र हरळीसारखे दुसरे पांघरूण नाही.

कामाचा क्रम

एप्रिल-मे मध्ये, आवर्तनाचे पाणी उतरलेले असताना पायथ्याचे काम. आवर्तन कधी सुटणार हे पाटबंधारे शाखेत आधी विचारा, नाहीतर पोकलेन पाण्यात उभे राहील. उभा काठ तसाच ठेवून त्यावर काही टिकत नाही, त्याला उतार द्यावाच लागतो. मातीला उंचीच्या दीड ते दोन पट आडवा उतार हवा. वीस फूट उंच काठाला दोन पट उतार म्हणजे चाळीस फूट मागे यावे लागते. शंभर मीटर लांबीला हे जवळजवळ बारा गुंठे होतात. हा आकडा ऐकून बरेच जण मागे फिरतात, ते मला समजते. मळीचा गुंठा सोडणे सोपे नाही. जमीन कमी असेल तर पायथा दगडाने सहा-सात फुटांपर्यंत थोडा उभा ठेवा, त्याच्या वर एक सपाट टप्पा काढा आणि तिथून पुढे माती उतरती करा. यात काही जमीन वाचते. पण कडेपर्यंत ऊस घेणे मात्र थांबवावे लागेल.

उतार छाटला की त्याच आठवड्यात त्यावर काथ्याचे भूवस्त्र, म्हणजे जाळीदार चटई, अंथरा. चौरस मीटरला ७०० ग्रॅमचे जाड घ्या. वरची कड फूटभर चरात पुरा, खालची कड दगडाखाली दाबा, मधे बांबूच्या खुंट्या. दोन-तीन वर्षांनी ते कुजून जाते, तोवर मुळांनी जागा घेतलेली असते. मे महिन्यातच वाळा आणि हरळी लावून आपल्याच मोटारीचे पाणी द्या, म्हणजे पुरापूर्वी दोन महिने मिळतात. वाळुंजाच्या काड्या मात्र पूर ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. तेव्हा काठ ओला असतो आणि पुढच्या पुरापर्यंत मुळांना सात-आठ महिने मिळतात. जूनमध्ये लावलेल्या काड्या पहिल्याच पुरात निघून जातात.

पहिली दोन वर्षे शेळ्या-म्हशी दूर ठेवाव्या लागतात. पाणवठ्याची वाट एकच ठरवा, ती दगडी करा, बाकी ठिकाणी काटेरी कुंपण. पूर गेल्यावर लगेच फेरी मारा. एखादा दगड निसटला असेल, भूवस्त्र फाटले असेल, तर तेवढ्यापुरते लगेच दुरुस्त करा. पुरात वाहून आलेला कचरा, ओंडके काठात अडकले असतील तर काढा, त्यांच्या मागे भोवरा होऊन खड्डा पडतो.

"माझा काठ टिकला, समोरच्याचा तुटू लागला"

हे घडते. काठ पुढे सरकवून भराव केला, पात्र अरुंद केले, की पाणी समोर जाते. म्हणून दगड नेहमी काठाच्या मूळ रेषेच्या आत ठेवा. काम मधेच सुरू होऊन मधेच संपले तर त्याच्या दोन्ही टोकांशी पाणी मागून घुसते. वळण संपेपर्यंत शेजाऱ्यांनी मिळून काम करणे हाच खरा मार्ग. आणि दोन्ही टोके काठात आत वळवून, दहा-बारा फूट खोदून दगडाने पक्की पुरा.

बंधाऱ्याच्या बाजूने नदी काठ फोडून वाट काढत असेल, किंवा अख्खे वळणच सरकत असेल, तर ते एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्याचे नाही. तिथे काठापासून पात्रात दगडी दांडे, म्हणजे स्पर काढावे लागतात, आणि स्परचा कोन किंवा लांबी चुकली तर तो समोरचे गाव पाडतो. खडकवासल्याला १९१६ पासून नद्यांवर काम करणारी केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा आहे, अशा प्रश्नांसाठीच ती प्रतिकृती बांधून अभ्यास करते. ग्रामपंचायतीचा ठराव करून जलसंपदा विभागामार्फत मागणी करा. तसेही पात्रात काहीही पक्के करायचे तर विभागाची आणि तहसीलदारांची परवानगी लागते. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा तुमच्या शेतातून कुठून जाते, तेही तिथे कळेल. आणि काठाची मळी वीटभट्टीला, पायथ्याची वाळू डंपरला जात असेल, तर ते आधी थांबले पाहिजे. पायथ्याशी वाळू उपसणे चालू असताना एप्रनचे दगड कितीही टाका, पुरणार नाहीत.

आणखी एक. भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात काठाला मगरींची बिळे असतात, आणि उन्हाळ्यात त्या काठावर अंडी घालतात. आपले पायथ्याचे काम नेमके त्याच महिन्यांत येते. पोकलेन उतरवण्याआधी पाण्याच्या रेषेच्या वर रुंद तोंडाची बिळे, घसरल्याच्या खुणा, उकरलेली माती दिसते का ते नावेतून, सुरक्षित अंतरावरून बघा. दिसली तर आधी वन विभागाला कळवा. मगर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि अंड्यांवर असलेली मादी कामावरच्या माणसांवर धावून येते. त्या शे-दोनशे फुटांत काम पिल्ले पाण्यात उतरेपर्यंत थांबवा, तोवर वरच्या अंगाचे पाटपाणी आणि पाईपचे काम उरकून घ्या.